दिवेलागणीचे अत्तर : १५८३ सालची नगरची संध्याकाळ कशाने दरवळत असेल?

१/ अलीकडे अत्तरांच्या कुप्यांवर फुलांऐवजी वेळांची नावे दिसू लागली आहेत. छोट्या प्रमाणावर, स्वतंत्रपणे काम करणारे अत्तरकार ‘रात्र उतरतानाचे वातावरण’ कुपीत भरू पाहतात. त्यांच्या घटकांत निशिगंध आणि रातराणी बहुधा असतातच. तळाशी चंदन वा ऊद. हा सारा मेळ अगदी पारंपरिक, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला वाटतो. तो खरोखरच किती जुना आहे, हे अहिल्यानगरच्या, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरच्या, एका बागेत उभे राहून तपासण्यासाठी हा थ्रेड. 🧵

२/ वर्ष १५८३. निजामशाहीची राजधानी. गादीवर पहिला मुर्तझा निजामशाह. शहराच्या आग्नेयेस फराहबाग पुरी होते. चंगीझखानाच्या देखरेखीखाली सुरू झालेले हे काम सलाबतखानाच्या कारभारात तडीस गेले. चौकोनी तलाव, त्याच्या मध्यावर अष्टकोनी, दुमजली महाल आणि सभोवार बाग. दख्खनच्या उन्हात दिवसभर तापलेला दगड संध्याकाळी पाण्यावरून येणाऱ्या वाऱ्याने निवत असे. एकांतप्रिय मुर्तझाची ही आवडती जागा होती. या महालातील एका संध्याकाळचे अत्तर करायचे ठरवले, तर त्यात काय काय घालता येईल?

३/ इतिहासाच्या अभ्यासात वास हा सर्वांत अवघड पुरावा. नाणे मातीतून निघते, शिलालेख वाचता येतो, तोफ मोजता येते. गंध मात्र त्या रात्रीच विरून जातो. त्याचा माग तीन वाटांनी घ्यावा लागतो : वनस्पतींच्या प्रवासातून, शब्दांच्या व्युत्पत्तीतून आणि त्या काळच्या हस्तलिखितांतून. या तिन्ही वाटा नगरपाशी एकत्र येतात.

४/ आरंभ वजाबाकीने करावा लागतो. या अत्तरातून सर्वप्रथम रातराणी वगळावी लागेल. ती मूळची वेस्ट इंडीज आणि मध्य अमेरिकेतील. लिनियसने १७५३ मध्ये तिला ‘सेस्ट्रम नॉक्टर्नम’ हे शास्त्रीय नाव दिले; त्यातील दुसऱ्या पदाचा अर्थच ‘रात्रीचे’. आपल्या अंगणांत ती युरोपीय व्यापाराच्या काळात आली आणि तिला इतके अस्सल मराठी नाव मिळाले, की ती परकी असल्याची शंकाही कुणाला येऊ नये.

५/ दुसरी वजाबाकी अधिक चटका लावणारी. निशिगंधही वगळावा लागेल. लग्नाच्या हारापासून समाधीवरच्या फुलांपर्यंत सर्वत्र दिसणारे हे फूल मूळचे मेक्सिकोचे. तेथील आझ्टेक लोक त्याला ‘ओमिशोचित्ल’, म्हणजे ‘हाडासारखे फूल’, म्हणत. पांढऱ्याशुभ्र, मेणचट पाकळ्यांवरून पडलेले हे नाव. युरोपातील वनस्पतिशास्त्रज्ञांच्या बागेत त्याचे कंद १५९० च्या दशकात पोहोचत होते. १५८३ मधील फराहबागेत त्याची कल्पना करणे म्हणजे चांदबिबीच्या हाती दुर्बीण देण्यासारखे आहे.

६/ येथे शब्दांचा एक सापळा आहे. निशिगंधाला मराठीत गुलछडी म्हणतात आणि गुलछबू हेही जुने नाव आहे. त्यातील गुलछबू आले फारसी ‘गुल-ए-शब्बू’वरून. ‘शब’ म्हणजे रात्र, ‘बू’ म्हणजे गंध. परंतु इराणात ‘शब्बू’ हे निराळ्याच, मोहरीच्या कुळातील सुवासिक फुलझाडाचे नाव आहे. हिंदुस्थानात मेक्सिकोचे फूल आले, तेव्हा रात्री दरवळण्याच्या गुणावरून त्याला हे तयार नाव चिकटले. म्हणून जुन्या फारसी मजकुरात ‘शब्बू’ दिसले, की लगेच तेथे निशिगंध फुलवून चालत नाही. नाव तेच राहते. त्याखालचे फूल बदललेले असू शकते.

७/ मग उरते काय? पुष्कळ काही. मोगरा, जाई, जुई, चमेली, सोनचाफा, बकुळ, केवडा. ज्ञानेश्वरी सांगितली गेली ते नेवासे याच जिल्ह्यातील, आणि ज्ञानदेवांच्या नावावरील एका सुप्रसिद्ध अभंगाच्या केंद्रस्थानी मोगऱ्याचाच वेल आहे. निजामशाहीच्या कितीतरी आधीपासून मराठी मनाला या फुलांची भाषा अवगत होती. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त सुवासिक फुलांची स्वतंत्र यादी आहे. तीत चंबेली, मोगरा, चंपा, केतकी, जुही, केवडा यांच्या जोडीने ‘सिंगारहार’ हे नाव येते. सिंगारहार म्हणजे आपला पारिजातक.

८/ ही फुले रात्रीच का दरवळतात? बहुतेक रात्रफुले पांढरी किंवा फिकट असतात. अंधारात रंगाचा उपयोग थोडा. म्हणून ती रात्री हिंडणाऱ्या पतंगांना वासाने बोलावतात. दिवसा वास उधळणे त्यांच्या दृष्टीने वाया घालवणे. मोगऱ्याच्या कळ्या दिवसा मिटलेल्या असतानाच खुडतात आणि त्या संध्याकाळी ओंजळीत वा वेणीत उमलतात. ‘सूर्यास्तानंतर झाडाला हात लावू नये’ असा घरोघरचा दंडक आहे. मोगऱ्याच्या बाबतीत त्या दंडकाची अडचण कधी आलीच नाही.

९/ पारिजातक तर संध्याकाळी उमलतो आणि पहाटे स्वतःच जमिनीवर सांडतो. खाली पडलेले फूल देवाला चालते, असा मान सहसा त्यालाच. या झाडाच्या शास्त्रीय नावात मात्र एक विलक्षण गोष्ट दडली आहे. ‘निक्टँथिस आर्बर-ट्रिस्टिस’ : रात्रीचे फूल असलेला ‘दुःखी वृक्ष’. लिनियस कधी हिंदुस्थानात आला नव्हता. मग या झाडाचे दुःख त्याच्यापर्यंत पोहोचले कसे? त्याचा एक धागा गोव्यातून निघतो आणि त्या धाग्याला नगरचीही गाठ आहे.

१०/ गार्सिया द ओर्ता. पोर्तुगीज वैद्य, १५३४ मध्ये गोव्यात आला. त्याने अनेक वर्षे उपचार केले त्या बड्या रुग्णांत आणि स्नेह्यांत एक होता नगरचा पहिला बुऱ्हाण निजामशाह. ओर्ताच्या पुस्तकात तो ‘निझामोशा’ या नावाने वारंवार भेटतो. गोव्यात १५६३ मध्ये छापलेले हे पुस्तक म्हणजे हिंदुस्थानातील औषधी आणि वनस्पतींवरचे संवाद. नगरच्या दरबारात ऐकलेल्या, पाहिलेल्या गोष्टी त्यात विखुरलेल्या आहेत.

११/ या पुस्तकात एक संपूर्ण संवाद ‘दुःखी वृक्षा’वर आहे. फक्त रात्री फुलणारे हे झाड पाहून ओर्ता स्थानिक लोकांकडून ऐकलेली कथा सांगतो. पारिजातक नावाच्या एका थोर पुरुषाची कन्या सूर्याच्या प्रेमात पडली. सूर्याने तिला टाकले. तिने प्राणत्याग केला, तिचे दहन झाले आणि त्या राखेतून हे झाड उगवले. म्हणून त्याची फुले सूर्याचे तोंड पाहत नाहीत. कोकणपट्टीत ऐकलेली ही व्यथा पोर्तुगीजमधून लॅटिनमध्ये गेली आणि पुढे दोन शतकांनी शास्त्रीय नावात स्थिरावली.

१२/ ओर्ताचा स्वतःचा शेवटही राखेपाशीच येतो. तो ज्यू वंशाचा होता. त्याच्या कुटुंबाने धर्मांतर केलेले होते. १५६८ मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गोव्याच्या इन्क्विझिशनने जिवंत जाळले. १५८० मध्ये ओर्ताच्या अस्थी थडग्यातून उकरून जाळण्यात आल्या. फराहबाग पुरी होण्याच्या तीन वर्षे आधीची ही घटना. ज्या वैद्याला निजामशाहाने मानाने वागवले, त्याच्या अस्थींनाही स्वकीयांच्या राज्यात जागा उरली नव्हती. नगरच्या संध्याकाळच्या अत्तरात पारिजातक घालताना एवढे स्मरण असावे.

१३/ आता तिसरी वाट, हस्तलिखितांची. तिचा एक पदर खुद्द मराठीचा आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील संग्रहात गंगाधराचा ‘गंधसार’ आणि अज्ञात लेखकाचा ‘गंधवाद’ हे दोन ग्रंथ सापडले. त्यातील ‘गंधवादा’वर चक्क मराठी टीका आहे. परशुराम कृष्ण गोडे यांनी हे ग्रंथ अभ्यासकांपुढे आणले आणि ‘गंधवादा’चा काळ १३५० ते १५५० च्या दरम्यान ठेवला. पुढे १९८९ मध्ये बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिराने ते छापले. अत्तराची विद्या फारसी आणि संस्कृतपुरतीच होती, या समजुतीला मराठीतले हे उत्तर आहे.

१४/ दुसरा पदर विजापूरचा. तोही नगरच्या माहेरवाशिणीतून जातो. हुसेन निजामशाहाची कन्या चांदबिबी विजापूरच्या पहिल्या अली आदिलशाहाला दिली होती. याच अलीच्या दरबारात १५७० मध्ये ‘नुजूम-उल-उलूम’ हा सचित्र ग्रंथ सिद्ध झाला. तो आज डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. ग्रहांना आणि अदृश्य शक्तींना आवाहन करताना कोणते धूप जाळावेत, याचाही विचार त्यात आहे. त्या काळी गंध केवळ शौकाचा विषय नव्हता. तो वैद्यकाचा होता, ज्योतिषाचा होता, राजकारणाचाही होता.

१५/ अली १५८० मध्ये मारला गेला. नऊ वर्षांचा दुसरा इब्राहिम गादीवर आला आणि चांदबिबी त्याची पालक झाली. पुढे याच इब्राहिमसाठी निजामुद्दीन महमूदने ‘इत्र-ए-नौरसशाही’ हा सुगंधांवरचा फारसी ग्रंथ रचला. अत्तरे, धूप, सुगंधी तेले, विडा, महालांना सुवासित करण्याचे प्रकार, असा त्याचा विस्तार. नगरची लेक ज्या घरात वडीलधारी होती, त्या घरचा हा ग्रंथ. लेकी-सुनांबरोबर दागिने आणि दासी जात, तशा पाकक्रिया आणि गंधाच्या आवडीही एका दरबारातून दुसऱ्या दरबारात जात असणार. म्हणून फराहबागेच्या संध्याकाळचा अंदाज बांधताना हा ग्रंथ सर्वांत जवळचा शेजारी ठरतो.

१६/ या ग्रंथांमागचे शास्त्र थोडक्यात असे. युनानी विचारात प्रत्येक द्रव्याला प्रकृती असते. चंदन आणि गुलाब थंड. कस्तुरी आणि अंबर उष्ण. ऋतू, वेळ आणि माणसाचा स्वभाव पाहून त्यांचा तोल साधायचा. फुलांचा वास धरून ठेवण्याची जुनी रीत तिळाची : तीळ आणि ताज्या फुलांचे थर एकावर एक रचायचे, फुले बदलत राहायची, तिळांनी वास प्यायला की ते घाण्यावर गाळायचे. यातून ‘फुलेल’ तेल मिळे. दुसरी रीत ऊर्ध्वपातनाची : तांब्याच्या भांड्यात फुले आणि पाणी तापवून वाफ नळीने दुसऱ्या भांड्यातील चंदनतेलात उतरवायची. कनौजचे अत्तरकार आजही देग आणि भपका घेऊन हेच करतात.

१७/ अशा रीतीने १५८३ च्या कुपीत हळूहळू घटक जमू लागतात. वरच्या थरात मोगरा आणि जुई. मध्ये चमेलीचे फुलेल, चाफ्याचा जडसर गोडवा आणि पहाटेकडे झुकणारा पारिजातक. तळाशी चंदन, ऊद, कस्तुरी, अंबर. यातील ऊद आग्नेय आशियाच्या आणि आसामच्या जंगलांतले, कस्तुरी हिमालयाकडील मृगाची, अंबर समुद्रावर तरंगत आलेले, देवमाशाच्या पोटातले. चौलसारख्या बंदरांतून घाट चढून येणाऱ्या मालाच्या गाठोड्यांशिवाय नगरची रात्र दरवळणे शक्यच नव्हते. निशिगंध वगळला, तरी ही कुपी निव्वळ ‘स्थानिक’ होत नाही. ती तेव्हाही नव्हती.

१८/ एक घटक मात्र पूर्णपणे नगरचा : पाणी. पर्जन्यछायेतल्या या शहराला कापूरवाडी, वडगाव, शेंडी अशा आसपासच्या गावांकडून खापरी नळांनी पाणी आणले होते. जमिनीखालून उताराने वाहणाऱ्या या नळांवर शहराचे हौद आणि बागा जगत. निजामशाहीच्या संस्थापकाच्या काळापासून बहिश्तबागेतही पाण्याच्या मध्यावर अष्टकोनी महाल उभारण्याची हौस दिसते. तापल्या जमिनीवर पाणी शिंपडल्यावर उठणारा वास येथे फुलाइतकाच मोलाचा. कनौजमध्ये भाजलेल्या मातीपासून ‘मिट्टी अत्तर’ काढतात. नगरच्या संध्याकाळच्या कुपीत ते घातल्याशिवाय चालणार नाही.

१९/ आता एका चित्राकडे. हुसेन निजामशाहाच्या स्तुतीपर ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ हे आफताबीचे सचित्र काव्य पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. त्यातील १२ चित्रे आज उरली आहेत. एका चित्रात स्त्रीच्या स्पर्शाने झाड बहरले आहे. ही ‘दोहद’ची जुनी भारतीय कल्पना : सुंदर स्त्रीच्या पदस्पर्शाने अशोक फुलतो, तिच्या मुखातील मद्याच्या चुळीने बकुळ. मराठीतले ‘डोहाळे’ याच दोहदातून आलेले. निजामशाही दरबाराने फारसी काव्यात ही कल्पना सहज सामावून घेतली.

२०/ या काव्याची नायिका हुसेनशाहाची राणी खुंझा हुमायून, म्हणजे चांदबिबीची आई. १५६५ मध्ये हुसेन वारल्यावर तिने मुलाच्या, मुर्तझाच्या, नावाने काही वर्षे कारभार पाहिला. पुढे त्याच मुलाने तिला कैदेत टाकले. हस्तलिखितातील चित्रांत राजाशेजारी बसलेली तिची आकृती अनेक ठिकाणी पुसून किंवा रंगाखाली झाकून टाकलेली आहे. फराहबागेच्या संध्याकाळचा विचार करताना हे विसरता येत नाही : ज्या मुर्तझासाठी ही बाग दरवळत होती, त्याच्या आईचा चेहरा पानावरून नाहीसा केला गेला आहे. शिल्लक आहे ते फुललेले झाड.

२१/ पुढचा इतिहास परिचयाचा आहे. चांदबिबी माहेरी परतली, १५९५-९६ मध्ये तिने मोगलांपासून किल्ला राखला आणि १६०० मध्ये ती मारली गेली. किल्लाही त्याच वर्षी पडला. निजामशाही मलिक अंबरच्या बळावर तग धरून राहिली आणि १६३६ मध्ये संपली. बागा हातोहात फिरल्या, नळ बुजत गेले. पाणी थांबले की बागेचा वास आधी जातो. दगड मागाहून पडतात. फराहबागेचा अष्टकोनी महाल पडझड सोसत आजही उभा आहे.

२२/ आणि निशिगंध? तो उशिरा आला, पण येथे रुजला. खुडल्यानंतरही त्याचे फूल बराच काळ वास देत राहते; म्हणूनच फ्रान्सच्या ग्रास शहरात त्याचा सुगंध चरबीच्या थरावर फुले पसरून काढत, आणि म्हणूनच आपल्याकडे तो रात्रभराच्या प्रवासानंतरच्या बाजारालाही चालतो. नगर तालुक्यातील अकोळनेरसारखी गावे आज फुलशेतीसाठी ओळखली जातात. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने निशिगंधाचे स्वतःचे वाण दिले आहेत. त्यातील एकाचे नाव ‘फुले रजनी’. मेक्सिकोच्या ‘हाडासारख्या फुला’ला मराठी मुलखात मिळालेले हे नवे नाव, आणि त्यातही रात्रच आहे.

२३/ तेव्हा ‘रात्रीचा पारंपरिक सुगंध’ म्हणून जी कुपी हाती येते, तिच्यात निदान तीन काळ एकत्र आलेले असतात. ज्ञानदेवांच्याही आधीपासूनचा मोगरा आणि पारिजातक. बंदरांवरून घाट चढून आलेले ऊद आणि अंबर. आणि महासागर ओलांडून आलेला, पुढे राहुरीच्या प्रयोगशेतांत वाढलेला निशिगंध. परंपरा असे नवे पाहुणे घरात घेत राहते आणि दोन-तीन पिढ्यांत ते पाहुणे होते हेच विसरते. विसरायलाही हरकत नाही. मात्र ‘हे आपले, ते परके’ असा निवाडा करताना त्या विसरभोळेपणाचा आधार घेता येत नाही.

२४/ १५८३ चे अत्तर कुणी खरोखर करायला घेतलेच, तर सूत्र असे : मोगरा, जुई, पारिजातक, चमेलीचे फुलेल, चंदन, ऊद आणि किंचित अंबर, भाजल्या मातीचा अर्क, आणि दिवेलागणीच्या वेळी पेटलेल्या वातीचा पुसटसा धूर. निशिगंध नको. त्याची पाळी अजून यायची आहे.

२५/ तोवर जे शाबूत आहे ते जपणे महत्त्वाचे. भांडारकर संस्थेतील ‘गंधवाद’, भारत इतिहास संशोधक मंडळातील ‘तारीफ’, नगरच्या परिसरात जमिनीखाली उरलेले खापरी नळ आणि फराहबागेचा महाल. पुढच्या वेळी नगरला जाणे झाले, तर किल्ला आणि ‘चांदबिबीचा महाल’ म्हणून ओळखली जाणारी सलाबतखानाची कबर पाहून झाल्यावर फराहबागेकडेही वळावे. जमल्यास सूर्य मावळण्याच्या थोडे आधी.

(थ्रेड समाप्त)